मादागास्कर पामची कुळकथा

नर्सरीत ‘मादागास्कर पाम’ म्हणून विकले जाणारे काटेरी झाड पामच्या कुळातले मुळीच नाही. पॅचिपोडियम लॅमेरी हे त्याचे शास्त्रीय नाव. चाफा, कण्हेर, अडेनियम हे त्याचे भाऊबंद. दारोदार फुलणारी सदाफुलीही याच कुळातली आणि मूळची त्याच बेटावरची. सरळसोट खोड आणि शेंड्याला पानांचा झुपका, एवढेच पामशी साम्य. फूल आले की खरे नाते उघड होते: पाच पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळा गळा, थेट चाफ्यासारखा.

पॅचिपोडियम ही प्रजाती जॉन लिंडली या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली मांडली. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ ‘जाड पायाचे’. आज हिच्यातल्या बहुतेक जाती मादागास्करात आढळतात, थोड्या दक्षिण आफ्रिका, नामिबिया या भागांत. लॅमेरी ही जाती मात्र बरीच उशिरा नोंदली गेली. फ्रान्सने १८९६ मध्ये मादागास्कर ताब्यात घेतल्यानंतर तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, एमानुएल ड्रेक देल कास्तियो याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

तिचे माहेर बेटाच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागातले काटेरी रान. पाऊस तिथे थोडा, तोही उन्हाळ्यातल्या मोजक्या महिन्यांत. बाकी वर्ष कोरडे. पानांच्या जोरावर तिथे निभाव लागत नाही. म्हणून हे झाड पाणी खोडात साठवते आणि कोरडा काळ सुरू झाला की पाने टाकते. खोडावर उंचवट्या-उंचवट्यांतून तीन-तीन काटे फुटतात. दोन लांब, तिसरा आखूड. साठवलेल्या पाण्याला हे कुंपण. रानात झाड सहा मीटरपर्यंत जाते, कुंडीत सहसा एक-दोन मीटरवर थांबते. शेंगा जोडीने लागतात आणि बियांना रुईसारखा रेशमी पुंजका असतो, त्यावर त्या वाऱ्याने उडतात.

घरातली निगाही या जन्मभूमीवरूनच ठरते. खिडकीतली सर्वांत उजेडाची जागा द्यावी. कमी उजेडात खोड बारीक होऊन झुकते. पोयटा कमी, भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे जास्त, आणि कुंडीला तळाशी भोक हवेच. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावर भरपूर पाणी घालावे. थंडीत पाने पिवळी पडून गळू लागली की पाणी जवळजवळ बंद करावे. इथेच बहुतेकांचा घात होतो: झाड वाळले म्हणून जास्त पाणी घातले जाते आणि विश्रांतीतली मुळे कुजतात. खोड बुंध्याशी मऊ लागले तर ते वाचणे कठीण. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कुंडी छपराखालीच ठेवावी, कारण तिथला एका महिन्याचा पाऊस या झाडाच्या गावी वर्षभरातही पडत नाही. पारा दहा अंशांखाली जात असेल तर झाड आत घ्यावे.

कुंडी बदलताना खोडाभोवती जाड वर्तमानपत्र किंवा गोणपाट गुंडाळतात. रस विषारी असल्याने लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून झाड दूर हवे. फांदीची कलमे सहसा लागत नाहीत, ताज्या बिया मात्र चांगल्या उगवतात. संपूर्ण प्रजाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षित यादीत आहे. तेव्हा रानातून उपटून आणलेले झाड न घेता बियांपासून वाढवलेले रोपच घ्यावे.