मादाम सुसू आणि प्लेटोचं हसू

मागच्या वेळी आपण 'फिलेबस' वाचताना एका ठिकाणी थांबलो होतो. माणूस हास्यास्पद कधी होतो? प्लेटोचं उत्तर असं, की जो स्वतःला ओळखत नाही तो हास्यास्पद. आहे त्याहून आपण श्रीमंत आहोत, देखणे आहोत, शहाणे आहोत, असं त्याला वाटतं. पण पुढची अट महत्त्वाची आहे. असा माणूस दुबळा असेल तरच आपण हसतो. बलवान असेल तर त्याच्या अज्ञानाची भीती वाटते.

आज या अटीकडे आपण एका नटीच्या निमित्तानं बघू. तिचं नाव आना पानायोतोपुलु.

१९६७ च्या एप्रिलमध्ये ग्रीसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. स्वतःबद्दल भलत्याच कल्पना असलेली, आणि हाती रणगाडे असलेली माणसं. म्हणजे प्लेटोच्या हिशेबात बसणारी, पण हसण्याची सोय नसलेली! त्या काळात, १९७० मध्ये, अथेन्समधल्या तरुण नटनट्यांनी 'एलेफ्थेरो थिएत्रो', म्हणजे मुक्त रंगभूमी, अशी मंडळी उभी केली. मालक कोणी नाही, कारभार सगळ्यांचा. आना त्यांतलीच एक. १९७३ मध्ये त्यांनी 'के सी ख्तेनीझेसे' हा नाच-गाणी-प्रवेशांचा विनोदी खेळ लावला. नावाचा अर्थ 'आणि तू केस विंचरतेस'. ही अर्धीच म्हण आहे बरं का. आधीचा अर्धा भाग, 'जग जळतंय', तो प्रेक्षकानं मनात म्हणायचा. शीर्षकात आक्षेप घ्यावा असं काही नाही, आणि तरी सगळं आहे. बलवानाला दोन तासांपुरतं का होईना, हास्याच्या कक्षेत ओढायचं काम ही मंडळी करत होती. पुढच्याच वर्षी ती राजवट पडली. नाटकामुळे पडली असं आम्ही म्हणणार नाही. ते कारण सायप्रसमधलं.

मग टेलिव्हिजन. १९८६ मध्ये सरकारी वाहिनीवर 'मादाम सुसू' आली, दिमित्रिस प्साथास यांच्या कादंबरीवरून. वीथुलास नावाच्या गरीब वस्तीत राहणारी, मासे विकणाऱ्याची बायको. पण तिच्या मते ती खानदानी. मोडकंतोडकं फ्रेंच फेकते आणि शेजाऱ्यांना तुच्छ लेखते. प्लेटोनं पाहिली असती तर म्हणाला असता, हेच ते! नवऱ्याच्या भूमिकेत थिमिओस काराकात्सानिस होते.

पण आनाचं काम बघताना आम्हांला प्लेटो थोडा कमी पडतो असं वाटतं. तो म्हणतो, मित्राच्या अशा फजितीवर हसताना आपल्या सुखात मत्सराचं दुःख मिसळलेलं असतं. इथे तसं होत नाही. आना सुसूची कुठेही टिंगल करत नाही. ती सुसूचं म्हणणं खरं मानून बोलते, मान ताठ ठेवून. त्यामुळे आपण हसतो आणि लगेच वाटतं, अरे, त्या वस्तीत राहायचं तर हिनं दुसरं करायचं तरी काय?

१९८९ च्या अखेरीस 'मेगा' ही खासगी वाहिनी सुरू झाली. १९९० ते १९९२ या काळात तिथे 'तीन खारितेस' गाजली. नाव सौंदर्यदेवींचं, आणि पडद्यावर मध्यमवयीन तीन बहिणी: आना, नेना मेंदी, मीना अदामाकी. लेखक रेप्पास आणि पापाथानासिउ. चाळिशीपुढच्या बायकांना एरवी कुणाची तरी आई म्हणून उभं करतात. इथे मालिकाच त्यांची. त्याच लेखकांची 'दोल्चे वीता' १९९५ मध्ये आली, त्यातही आना होतीच.

२०२४ च्या एप्रिलमध्ये ती गेली. सुसू मात्र अजून वीथुलासमध्येच आहे, फ्रेंच बोलत.