मस्तगड आणि घोड्यांच्या वाटा

जालना शहरात मस्तगड नावाची एक जुनी गढी आहे. निजामाच्या आज्ञेवरून काबिलखानाने ती १७२५ साली बांधविली. पुढे तेथे नगरपालिकेची कचेरी आली आणि तलवारीच्या जागी कागदाचा कारभार सुरू झाला. या गढीत एक मोठी विहीर आहे. तिला सज्जे आणि दालने काढलेली आहेत. पाहणारास ती केवळ शोभेची वास्तू वाटेल. परंतु ज्या काळी राज्ये घोड्याच्या पाठीवर चालत, त्या काळी पाणी हाच लष्करी हालचालीचा पाया होता. जालन्यासारख्या श्रीमंत पेठेकडे वाटा वळत त्या जशा व्यापारामुळे, तशाच पाण्यामुळेही.

घोड्यास योग्य अशी वाट कोणती? नकाशावर जी सर्वांत आखूड दिसते तीच चांगली, असे नाही. कष्ट करणाऱ्या घोड्यास दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागते. हजार घोडे एका ओढ्यावर उतरले म्हणजे पहिल्या शंभरांस स्वच्छ पाणी मिळते आणि शेवटच्यांच्या वाट्यास चिखल येतो. मग गवताचा प्रश्न. नंतर खुरांचा. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात पाय धरून ठेवते; सह्याद्रीच्या बाजूचा काळा पत्थर नाल झिजवितो आणि खूर फोडतो. म्हणून पाणी, चारा, पायाखालची भूमी आणि संकटसमयी निसटण्यास मोकळी बाजू, या चारही गोष्टी जुळतील तीच घोड्याची वाट.

मराठ्यांना हे शास्त्र पोथीतून शिकावे लागले नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू अंगाने लहान, परंतु काटक. थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारे. अशा जनावरास साजेशी व्यवस्था शिवाजी महाराजांनी लावून दिली होती. सभासदाच्या बखरीत ती नमूद आहे. पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींची काळजी शिपायावर न सोपविता सरकाराने आपल्याकडे घेतली होती, हा याचा अर्थ. दसऱ्यास फौज बाहेर पडावी, आठ महिने मुलूखगिरी करावी आणि पावसाळ्यापूर्वी परत छावणीस यावे, हा शिरस्ता. कारण पावसात काळ्या रानातून घोडदळ हाकणे म्हणजे ते हातचे घालविणेच होते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीस धाडलेल्या पत्रात महाराजांनी बजावले आहे, की जमविलेला दाणावैरण बेहिशेबी उडविल्यास भर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग शिपाई रयतेस उपद्रव देऊ लागतील. घोड्याची काळजी आणि कुणब्याची काळजी त्या पत्रात एकाच दोरीत गुंफलेली आहे.

या साऱ्या व्यवस्थेची कसोटी १६७९ च्या नोव्हेंबरात लागली. मस्तगड त्या वेळी उभा नव्हता. मोगली अमलाखालील जालन्याची पेठ मात्र भरभराटीत होती. महाराजांची स्वारी जालन्यावर आली, पेठ लुटली गेली आणि फौज लुटीनिशी पश्चिमेकडे परतू लागली. येताना हलका असलेला घोडा जाताना लादलेला होता. लादलेल्या घोडदळाचे मुख्य शस्त्र जे वेग, तेच बोथट होते.

संगमनेराजवळ रणमस्तखानाने या फौजेस गाठले. लढाई निकराची झाली. सिधोजी निंबाळकर हा शूर सरदार पडला. इतक्यात मोगलांची आणखी कुमक येत असल्याची वार्ता आली. मागे शत्रू, पुढे डोंगर, आणि घोडी दमलेली, असा तो प्रसंग होता. रुळलेल्या मार्गाने जावे तर शत्रू तो मार्ग ओळखून होता. अशा वेळी बहिर्जी नाईक जासूद पुढे झाला आणि सर्वांस सुखरूप नेण्याची जबाबदारी त्याने पत्करली. तीन दिवस अहोरात्र आडवाटेने चालवून त्याने महाराजांस व फौजेस पट्टा किल्ल्यावर पोहोचविले, असे बखर सांगते. नगर व नाशिक या जिल्ह्यांच्या सीमेवरील तो किल्ला महाराजांच्या तेथील विसाव्यामुळे विश्रामगड या नावाने ओळखला जाऊ लागला.

बहिर्जीने त्या वेळी काही नवा शोध लावला नाही. त्या डोंगरांत कोणती खिंड घोड्यास चढवेल, कोणत्या सोंडेखाली पाणी सापडेल, हे त्याने शांततेच्या दिवसांत पायांनी मोजून ठेवले असले पाहिजे. एरवी तीन रात्रींच्या काळोखात हजारो जनावरे डोंगरातून नेणे कोणासही शक्य नव्हते. आडवाट ऐनवेळी सापडत नसते. ती आधीपासून माहीत असावी लागते.

याच प्रदेशात पुढे सव्वाशे वर्षांनी वाटेनेच दुसरा एक निर्णय लावला, आणि तो मराठ्यांच्या विरुद्ध गेला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याच्या उत्तरेस, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात, असईच्या गावाजवळ शिंदे व भोसले यांचा प्रचंड तळ पडला होता. आर्थर वेलस्ली केळणेच्या दक्षिण तीरी आला तेव्हा त्याच्याजवळ शत्रूच्या मानाने फारच थोडी फौज होती. पावसाळा नुकताच सरत होता. नदीस पाणी होते. उतार कोठे आहे असे विचारता वाटाड्यांनी उतार नाहीच, असे सांगितले.

वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले. एका तीरावर पिंपळगाव, आणि त्याच्या अगदी समोर दुसऱ्या तीरावर दुसरे गाव. त्याने मनाशी तर्क केला, की दोन गावे अशी समोरासमोर वसतात ती मधून येणेजाणे असल्यावाचून नव्हे. शोध केला तो उतार निघाला. तोफा, पायदळ व घोडदळ पार झाले. विशेष हे, की ती वाट अडविण्यास मराठ्यांनी तेथे पहारा ठेवला नव्हता. दोन नद्यांच्या चिंचोळ्या जागेत मराठ्यांच्या हजारो स्वारांस पसरण्यास वाव राहिला नाही, आणि मोकळ्या मैदानात ज्यांनी शत्रूस वेढले असते ते बहुतांशी प्रेक्षकच ठरले. जयही स्वस्त नव्हता. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून सुमारे १,६०० होते. खुद्द वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून मेला; दुसरा, डायोमेड नावाचा करडा अरबी घोडा, भाल्याने जखमी झाला, पण वाचला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भोसल्यांनी देवगावचा आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह स्वीकारला.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. १६७९ मध्ये भूमीचे ज्ञान मराठ्यांच्या बाजूस होते आणि म्हणून संकटातूनही फौज निभावली. १८०३ मध्ये भूमी तीच, भाषा तीच, गावेही आपलीच. परंतु त्या उताराची किंमत परक्याने ओळखली. पिंपळगावच्या गुराख्यास तो उतार ठाऊक असलाच पाहिजे. त्याला विचारावे, आणि तेथे चार स्वार उभे करावेत, हे तळावरील कोणास सुचले नाही. संख्या होती, शौर्य होते. पखालजी आणि नालबंद यांची मोजदाद ठेवणारी ती जुनी दक्षता मात्र ओसरली होती.

रयतेच्या बाजूने पाहता या वाटांचा हिशेब आणखी वेगळा दिसतो. जिकडून घोडी गेली तिकडचे उभे पीक गेले. १८०३-०४ च्या दख्खनमधील दुष्काळास पाऊस जितका कारण झाला, तितक्याच फिरत्या फौजाही कारण झाल्या. छावणीच्या पत्रातील ती ताकीद केवळ दयेची नव्हती, हे त्या वर्षी पटले. ज्या वाटेवरील कुणबी उठून गेला, त्या वाटेवर पुढच्या खेपेस ना वैरण मिळते, ना वाटाड्या.

आज सह्याद्रीच्या पायथ्याशी हौसेने घोड्यावर रपेट करणारे लोक आहेत. त्यांच्यामागे रणमस्तखान नाही. पण पाणी कोठे, चारा कोठे, खुराखाली काय, हे प्रश्न बदललेले नाहीत, आणि त्यांची उत्तरे देणारा माणूस आजही गावच्या पाणवठ्यावरच भेटतो. मस्तगडातील विहिरीच्या दालनांत उभे राहिले, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी येथे तहानेने आलेल्या घोड्यांची आणि त्यांना येथवर आणणाऱ्या, इतिहासाने नाव न नोंदलेल्या वाटाड्यांची आठवण होते.