लांब पल्ल्याची गाडी

त्र्यंबकेश्वर मागे पडलं, वळणं सुरू झाली, की मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवा. नव्वदचं दशक सरत आलंय. पावसाळा आहे, हरसूलचा पावसाळा, डोंगर दिवस दिवस ढगाबाहेर येत नाहीत. खाचरांत भाताची आवणी चाललीय, वर उतारावर नागली. पाठीवर इरलं घेतलेल्या बाया वाकलेल्या. तुमचे बूट घोट्यापर्यंत रुतलेत, आणि बाजूनं पोरं अनवाणी पळत जातात. तांबडा चिखल त्यांच्या टाचांखालून उडतो तो थेट तुमच्या पँटवर.

त्यातली एक सावरपाड्याची. कविता राऊत. थांबवू नका तिला. पळायला पैसे पडत नाहीत, बूट नसले तरी चालतं, म्हणून हा खेळ घेतला, असं पुढे तीच सांगणार आहे.

आता काटे थोडे पुढे. नाशिक, भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान. प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हातात स्टॉपवॉच. लोक तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतील. नाव झकास आहे, पण त्यामुळे शंभर मीटरवाली वाटते. ही गाडी लांब पल्ल्याची. दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. पहिल्या फेरीत जोर दाखवणारी विसाव्या फेरीत दिसत नाही.

दिल्ली, ८ ऑक्टोबर २०१०, राष्ट्रकुल स्पर्धा, दहा हजार मीटर. तुम्ही गॅलरीत. केनियाच्या दोघी पुढे निघून गेल्यात, त्यांना गाठणं नाही. डोळे तिसरीवर ठेवा. फेरीमागे साधारण ७९ सेकंद. ३३ मिनिटं ५.२८ सेकंद, कांस्य! शेजारचा म्हणेल, ‘कांस्यच ना?’ त्याला सांगा, १९५८ साली कार्डिफला मिल्खासिंग धावले, त्यानंतर राष्ट्रकुलात ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक आज आलं. आणि भारतीय बाईचं तर हे पहिलंच.

चव्वेचाळीस दिवस पुढे. ग्वांगझू, आशियाई स्पर्धा. तेवढंच अंतर, पण फेरीमागे जवळजवळ तीन सेकंद कापलेले. मला विचाराल तर तिच्या सगळ्या कारकिर्दीत बघावी ती ही शर्यत. शेवटच्या फेरीत केरळची प्रीजा श्रीधरन आणि ती, दोघीही भारताच्या, एकमेकींना सोडेनात. प्रीजा ३१:५०.४७, कविता ३१:५१.४४. एका सेकंदाहून कमी, म्हणजे जेमतेम तीन-चार ढांगा. रौप्य. याच स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्यही आलं. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार.

मग अंतर वाढतं. फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी, दक्षिण आशियाई स्पर्धा: मॅरेथॉनचं सुवर्ण, २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद. सहा महिन्यांनी रिओ. ऑलिंपिक! तुम्ही सांबाड्रोममध्ये, शेवटच्या रेषेजवळ. पहिल्या येऊन कधीच्या गेल्या. शंभर झाल्या, एकशे दहा झाल्या. तुमचं लक्ष येणाऱ्या प्रत्येक निळ्या बनियनकडे.

एकशे विसावी ती. २:५९:२९. गुवाहाटीपेक्षा एकवीस मिनिटं जास्त, पण बेचाळीस किलोमीटर पुरे केलेत. तुम्ही टाळ्या वाजवायला उठता. पँटवरचा तांबडा चिखल आता वाळलाय, उठताना त्याच्या खपल्या पायांशी पडतात.