पालि वाङ्मयातील 'लेखा' आणि अक्षराचा आनंद

विनयपिटकाच्या महावग्गात एक लहानसा प्रसंग आला आहे. राजगृहात सतरा मुलांची एक मित्रमंडळी होती व उपालि नावाचा मुलगा त्यांचा म्होरक्या होता. (पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन करणारे, पूर्वाश्रमीचे नापित असलेले उपालि थेर ते हे नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) आपल्या पश्चात या मुलाने सुखाने कसे जगावे, याचा विचार त्याचे आईवडील करू लागले. त्याला 'लेखा' म्हणजे लेखनकला शिकवावी, तर त्याची बोटे दुखतील. 'गणना' शिकवावी, तर छाती दुखेल. 'रूप' शिकवावे, तर डोळे दुखतील. शाक्यपुत्रीय श्रमणांना चांगले भोजन मिळते व निवाऱ्याची शय्या मिळते, तेव्हा त्याला भिक्खू करावे हेच बरे, असे त्यांनी ठरविले. हे बोलणे उपालिच्या कानी पडले आणि सतराही मुले प्रव्रजित झाली. पुढे पहाटेच्या वेळी भुकेने रडणाऱ्या या मुलांचा आवाज तथागतांनी ऐकला व वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम घालून दिला.

विद्यापीठात पालिचा विद्यार्थी असताना हा उतारा आमच्यासमोर प्रथम वाचला गेला, तेव्हा वर्गात हशा पिकला. लिहिल्याने बोटे दुखतात, हे कारण सांगून शाळा चुकविणारी मुले आम्हा सर्वांच्या ओळखीची होती. मला मात्र त्या क्षणी माझ्या आईची बोटे आठवली. आमच्या वस्तीतील विहारात रात्री प्रौढांचा वर्ग भरे. विळा आणि खुरपे धरण्याची सवय झालेल्या तिच्या हातात पेन्सिल टिकत नसे. ती इतक्या जोराने दाबून लिही की टोक मोडे, पाटीवर ओरखडा उठे. बोटे तिचीही दुखत. पण ती वर्ग चुकवीत नसे. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन प्रकारच्या बोटांतील अंतर हा आहे. कोणाला लिहिणे हे कष्टाचे वाटले, कोणाला ते नाकारले गेले, आणि ज्यांना ते मिळाले त्यांनी त्यात आनंद कसा शोधला, याचा काही मागोवा पालि साहित्य व शिलालेख यांच्या आधारे येथे घ्यावयाचा आहे.

भगवान बुद्धांचा धम्म प्रारंभीची काही शतके मुखोद्गत परंपरेने जतन झाला, हे सर्वश्रुत आहे. सुत्ते पाठ करणाऱ्या भाणकांच्या परंपरा होत्या, आणि 'बहुश्रुत' हा विद्वानासाठी रूढ झालेला शब्दच ऐकण्याशी जोडलेला आहे. तथापि पालि ग्रंथांना लेखनाची ओळख नव्हती असे मुळीच नाही. उदानातील सिप्पसुत्तात कोणते शिल्प श्रेष्ठ, याविषयी भिक्खूंची चर्चा चालली आहे. त्यात हत्तीविद्या, अश्वविद्या, धनुर्विद्या यांच्या रांगेत 'लेखासिप्प' येते. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने ज्या खेळांपासून दूर राहावे, त्यांच्या यादीत 'अक्खरिका' हा खेळ आहे. हवेत किंवा पाठीवर बोटाने गिरविलेले अक्षर ओळखावयाचे, असे त्याचे स्पष्टीकरण अट्ठकथा देते. मुले ज्या अक्षरांशी खेळतात, ती अक्षरे समाजात केवळ राजदरबारापुरती उरलेली नसतात. श्रमणाला हा खेळ वर्ज्य असला, तरी अक्षर ही खेळण्याची, मौजेची वस्तू होऊ शकते याची ही जुनी साक्ष होय.

याहून महत्त्वाचा उल्लेख भिक्खुनीविभंगात आहे. भिक्खुनीने 'तिरच्छानविज्जा' म्हणजे निरर्थक विद्या शिकू नयेत, असा नियम तेथे आहे. परंतु त्याच ठिकाणी अपवादही नोंदविला आहे. जी भिक्खुनी लेखन शिकते, पाठांतर शिकते अथवा रक्षणासाठी परित्त शिकते, तिला दोष लागत नाही. विनयाच्या कोरड्या, कायदेशीर भाषेतील ही छोटीशी नोंद आहे. परंतु स्त्रीने अक्षर गिरवावे की न गिरवावे, या प्रश्नावर या देशात पुढे जे रण माजले, ते पाहता तिचे मोल फार मोठे आहे. संघाने स्त्रीच्या हातातील लेखणी दोषमुक्त ठरविली होती.

आता जातकांकडे वळू. कटाहक जातकाची कथा अशी. वाराणसीच्या एका श्रेष्ठीला मुलगा झाला, त्याच दिवशी त्याच्या दासीलाही मुलगा झाला. दोघे बरोबरच वाढले. श्रेष्ठीपुत्र लेखन शिकण्यास जाई, तेव्हा दासीपुत्र कटाहक त्याचा फलक, म्हणजे पाटी, उचलून मागे जाई. मालकाच्या मुलाला शिकविलेले हा पाटी वाहणारा मुलगाही शिकला. पुढे तो श्रेष्ठीच्या भांडाराचा कारभार पाहू लागला. पण मनात एक भय सतत होते. आज हे काम आहे. उद्या एखादी क्षुल्लक चूक झाली, तर मारतील, बांधतील, डाग देतील आणि दासाचे अन्न पुढे टाकतील. तेव्हा त्याने श्रेष्ठीच्या नावाने एक पत्र लिहिले. सीमेवरच्या प्रदेशात राहणाऱ्या, श्रेष्ठीच्या ओळखीच्या दुसऱ्या श्रेष्ठीकडे तो ते घेऊन गेला, आणि आपण त्याचा पुत्र आहोत असे सांगून त्याच्या मुलीशी विवाह केला.

कथेत हा श्रेष्ठी म्हणजे बोधिसत्त्व होय. तो शोध घेत तेथे येतो. कटाहकाचे बिंग तो फोडीत नाही. मात्र पत्नीच्या स्वयंपाकाला व वस्त्रांना नावे ठेवणाऱ्या त्या उद्दाम माणसाला गप्प बसविणारी एक गाथा तिला शिकवून परत जातो. एका बढाईखोर भिक्खूच्या निमित्ताने ही कथा सांगितल्याचे जातकात म्हटले आहे, आणि पारंपरिक वाचक तिच्यातून बढाईचा दोषच शिकतो. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या पाट्या वाहिल्या, ते वाचक ही कथा वाचताना पहिल्याच प्रसंगापाशी थबकतात. कटाहकाचे खोटे पत्र समर्थनीय नाही, हे उघड आहे. पण ज्या समाजात दासीपुत्राला आपल्या नावाने खरे पत्र लिहिण्याची सोयच नव्हती, त्या समाजाचा दोष त्या पत्रापेक्षा लहान कसा ठरेल? बोधिसत्त्वाने त्याला पुन्हा दास्यात ओढले नाही, हा या कथेचा खरा उजेड आहे. याच्याच जोडीच्या कलंडुक जातकात दासाला पकडून परत नेले जाते. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचाव्यात, म्हणजे करुणेचे मोल कळते.

कथांकडून शिळांकडे आले, की लिहिणाऱ्याचे नावच भेटते. सम्राट अशोकाचे लघुशिलालेख कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी, सिद्दापूर व जटिंग-रामेश्वर येथे आहेत. त्यांच्या अखेरीस हा लेख चपड नावाच्या लिपिकाराने लिहिला, अशी नोंद आहे. संपूर्ण लेख ब्राह्मी लिपीत, डावीकडून उजवीकडे जाणारा. पण शेवटी 'लिपिकर' हा शब्द मात्र चपडाने खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे कोरविला आहे. खरोष्ठी ही वायव्येकडील गांधार प्रदेशाची लिपी. दक्षिणेतील त्या डोंगराळ मुलखात ती वाचणारे कितीसे असतील? सम्राटाच्या आज्ञेला या शब्दाची गरज नव्हती, प्रजेलाही नव्हती. आपल्याला दोन लिप्या येतात, हे सांगितल्यावाचून चपडाला राहवले नाही, असेच त्यावरून वाटते. लिहिण्यात रमलेल्या माणसाची ही सही आहे.

खुद्द अशोकाचा चौदावा शिलालेख लेखनाविषयीच बोलतो. काही गोष्टी त्यांतील अर्थाच्या माधुर्यामुळे पुन्हा पुन्हा सांगितल्या, आणि कोठे काही अपुरे राहिले असेल, तर त्याला स्थळ, अन्य कारण किंवा लिपिकाराची चूक कारणीभूत असेल, असा त्याचा आशय आहे. एका सम्राटाने लेखनातील गोडी आणि लेखनातील चूक, दोन्ही एकाच लेखात मान्य करावीत, ही विलक्षण गोष्ट होय. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे ही अक्षरे आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. पुढे रायगड जिल्ह्यातील कुडा येथे महाभोजांच्या सेवेतील शिवभूति नावाच्या 'लेखका'ने लेणे दान दिल्याचा लेख आढळतो. लेखणीवर पोट भरणारा मनुष्य त्या मिळकतीतून संघासाठी निवारा कोरवितो आणि आपला व्यवसाय अभिमानाने कोरून ठेवतो. उपालिच्या आईवडिलांची भीती शिवभूतीच्या घरात कोणी बाळगली नसावी.

तिपिटक ग्रंथारूढ झाले ते श्रीलंकेत, वट्टगामणी अभयाच्या काळी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात. लोकांचा ऱ्हास पाहून, धम्म चिरकाल टिकावा म्हणून भिक्खूंनी तो लिहविला, असे महावंस सांगतो. पुढे तेथील परंपरेत धम्मग्रंथाचे एकेक अक्षर बुद्धमूर्तीसमान मानण्याची भावना रुजली. बोटे दुखविणारे काम पुण्यकर्म झाले.

या दीर्घ परंपरेनंतर आपल्या भूमीत काय झाले, ते वाचकांना सांगावयास नको. स्त्रिया व शूद्रातिशूद्र यांच्या हाती लेखणी येऊ न देणारी व्यवस्था येथे दृढ झाली. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, आणि पुढे अस्पृश्यांसाठीही शाळा काढल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला. हा निबंध आपण नेहमी दुःखाचा दस्तऐवज म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. परंतु विद्यार्थिनीचे लेखन म्हणूनही तो एकदा वाचून पाहावा. वेद आमचेच, असे म्हणणाऱ्यांचे विधान ती आधी शांतपणे मान्य करते. मग त्यावरून आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे सिद्ध होते असे दाखविते, आणि मग आमचा धर्म कोणता हे विचारून प्रतिपक्षाला निरुत्तर करते. शाळकरी वयाच्या मुलीच्या हाती युक्तिवादाचे शस्त्र नुकतेच आले आहे, आणि त्याची धार तिला कळली आहे. दुःख सांगणाऱ्या त्या वाक्यांत नेमके बोलता आल्याचे समाधानही आहे. ते आपण पाहिले नाही, तर तिच्यावर अन्याय होईल. पीडितांच्या लेखनातून आपण केवळ अश्रू मागावेत आणि बुद्धीचा आनंद इतरांसाठी राखून ठेवावा, हाही एक सूक्ष्म भेदभावच होय.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन या संदर्भात आठवते. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागलेल्या या विद्यार्थ्याने लेखा, गणना आणि रूप या तिन्ही विद्या आपल्याशा केल्या. अट्ठकथेत 'रूप' विद्येचा संबंध नाण्यांच्या पारखीशी जोडला आहे, आणि रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला, हा योगायोग पालिच्या विद्यार्थ्याला सुखावून जातो. १९२० साली 'मूकनायक' काढून त्यांनी मुक्यांना अक्षर दिले. त्यांनी सिद्ध केलेले पालि व्याकरण व शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रकाशित केले. उपालिच्या आईवडिलांनी ज्या दुखण्यांची धास्ती घेतली, ती त्यांना चुकली नाहीत. दृष्टी मंदावली, शरीर थकले. तरीही १९५६ च्या ५ डिसेंबरच्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम त्यांच्या हाताशी होते. केवळ कर्तव्य म्हणून कोणी इतके लिहीत नाही. ज्याला लिहिण्यात जीवनाचा अर्थ सापडला, तोच असे लिहू शकतो.

आज पालिच्या वर्गात येणारे आमचे बरेच विद्यार्थी उत्तरे पाठ करून येतात आणि परीक्षेत उतरवून जातात. त्यांच्याही हाती फलक आहे, पण तो अद्याप कोणा दुसऱ्याचाच आहे. त्यांना मी एवढेच सांगतो की, एक पान असे लिहा, जे परीक्षेत विचारले जाणार नाही. आपल्या गावाविषयी लिहा, वाचलेल्या सुत्ताविषयी लिहा, पटले नाही त्याविषयी लिहा. पहिल्या दिवशी बोटे दुखतील. दुखू द्यावीत.

माझी आई त्या रात्रवर्गात तीन महिन्यांत लिहावयास शिकली. त्यानंतर तिने घरातील प्रत्येक डब्यावर खडूने नावे लिहिली : मीठ, हळद, डाळ, तांदूळ. कोणत्या डब्यात काय आहे, हे तिला अंधारातही ठाऊक होते, आणि घरात दुसरे कोणी स्वयंपाक करीत नव्हते. मी तिला विचारले, हे कोणासाठी लिहिलेस? ती म्हणाली, "कोणासाठी नाही रे. लिहिता येतं, म्हणून लिहिलं."

चपडाच्या खरोष्ठी अक्षरांचा अर्थ मला त्या उत्तरानेच समजला.