पेशा बदलणारी माणसे आणि पडदा : प्रस्तावना

हातातले काम सोडून एखादा माणूस दुसरे काम शिकायला निघतो आणि कॅमेरा त्याच्यामागे चालू लागतो. एवढ्या कल्पनेवर दूरचित्रवाणीचा एक स्वतंत्र प्रकार उभा आहे. रिअॅलिटी शो म्हटले की आपल्याकडे चर्चा होते ती गाण्याची, नाचाची आणि एका घरात कोंडलेल्या माणसांच्या भांडणांची. पेशा बदलणाऱ्यांचे कार्यक्रम त्या चर्चेच्या कडेलाच राहतात. वास्तविक माणूस काय करून पोट भरतो आणि ते बदलण्याची मोकळीक त्याला किती असते, हा कोणत्याही समाजाविषयी विचारता येईल असा मोलाचा प्रश्न आहे. वाचकांनी या विषयाकडे थोडे थांबून पाहावे, एवढ्यासाठी हे चार शब्द.

या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे ब्रिटनमधल्या चॅनल फोरवर 2000 साली सुरू झालेला ‘फेकिंग इट’. माणसाला अगदी अनोळखी व्यवसायात टाकायचे, जाणकारांच्या हाताखाली चार आठवडे तालीम द्यायची आणि शेवटी त्या व्यवसायातल्या मुरलेल्या मंडळींबरोबर परीक्षकांपुढे उभे करायचे. यांतला नवखा कोण, हे परीक्षकांनी ओळखायचे. मूळ कल्पना बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ची. मराठी प्रेक्षकाला ती परकी नाही, कारण पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ 1975 पासून आपल्या ओळखीची आहे. भाषा आणि वागणूक शिकवली की माणसाची पायरी बदलते का, हा त्या नाटकातला प्रश्न कार्यक्रमाने कामधंद्याला लावला. आपल्याकडे 2010 साली ‘मास्टरशेफ इंडिया’चे पहिले पर्व जिंकणाऱ्या पंकज भदौरिया शाळेतली नोकरी सोडून स्पर्धेत उतरल्या होत्या. याउलट 2019 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी रुपये जिंकणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या एक बाई शाळेत खिचडी शिजवत. जिंकल्यावरही हेच काम करत राहणार, असे त्यांनी सांगितले. पेशा न बदलण्याचा निर्णयही या अभ्यासात मोलाचा आहे, हे विसरू नये.

या विषयाची सुरुवात वडोदऱ्यातून, म्हणजे आपल्या बडोद्यातून करावी, असा माझा आग्रह आहे. त्यात गावाचा अभिमान आहे, पण त्याहून मोठे कारण असे की इथे या गोष्टी दूरचित्रवाणीच्या किती तरी आधी घडून गेल्या आहेत. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव इतर मुलांबरोबर इथे निवडीसाठी आणला गेला आणि 1875 च्या मे महिन्यात दत्तक जाऊन सयाजीराव झाला. निवडीची ती कथा सगळ्यांच्या तोंडी आहे. तिच्यानंतरची सहा वर्षे मात्र क्वचितच कोणी सांगतो. अक्षरओळखीपासून कारभारापर्यंतचे शिक्षण, इलियट यांची शिकवणी, दिवाण टी. माधवराव यांचे मार्गदर्शन, आणि मग 1881 च्या डिसेंबरात हाती आलेले पूर्ण अधिकार. निवड एका दिवसाची असते, शिक्षण वर्षांचे. पडद्याला पहिली गोष्ट दाखवणे सोपे जाते.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण याहून बोलके आहे. 1890 साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आलेले फाळके तिथे चित्रकला शिकले, छायाचित्रणात आणि छपाईच्या तंत्रात रमले. पुढे त्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचा धंदा मांडला. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले, धंदा बसला. मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवणे, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्यांनी त्रेचाळीस वर्षे पूर्ण केली होती. वरवर पाहिले तर हा धरसोडीचा आलेख वाटतो. पण फिल्म धुणे, देखावे उभारणे, कॅमेऱ्यातून चमत्कार घडवणे हे सारे त्या सुटलेल्या धंद्यांतूनच हाती आले होते. कलाभवनापासून त्या दिवसापर्यंत तेवीस वर्षे गेली. चार आठवड्यांच्या कार्यक्रमात ही वर्षे कशी मावावीत?

आता या विषयातला सर्वांत कठीण भाग. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार 1917 साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. विद्वत्तेला तोड नव्हती, हुद्दा मोठा होता. तरी कचेरीत कागद त्यांच्यापुढे लांबून टाकले जात, आणि राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले आणि काही दिवसांतच त्यांनी बडोदे सोडले. सयाजीबागेतली संकल्पभूमी त्या प्रसंगाची आठवण जपते. हा प्रसंग समोर ठेवला की ‘फेकिंग इट’ची खरी मर्यादा कळते. तिथे परीक्षकांना उमेदवाराचे मूळ ठाऊक नसते, म्हणून कसब हीच एक कसोटी उरते. आपल्याकडे धंदा जन्माने ठरत आला. मूळ आधी विचारले जाते, कसब नंतर. माणसाला नवे काम येते का, याच्याइतकाच इतर लोक ते त्याला करू देतात का, हा प्रश्न मोठा आहे. तो वगळून या कार्यक्रमांवर लिहिलेले मला अपुरे वाटते.

तेव्हा, वाचकहो, असा एखादा भाग पाहाल तेव्हा स्पर्धकावरची नजर जरा बाजूला वळवून पाहा. त्याला शिकवणारा कोण आहे? शिकण्याच्या काळात घर कोणाच्या कमाईवर चालते आहे? बायकांच्या बाबतीत तर स्वयंपाकघर त्या काळात कोणी सांभाळले, हे आवर्जून शोधा. निवेदक ज्या वर्षांवरून एका वाक्यात पुढे जातो, त्यांची नोंद ठेवा. परीक्षकांच्या निकालापेक्षा वर्षभराने तो माणूस काय करतो आहे, हे कळले तर अधिक उपयोगी. यासाठी समाजशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांच्या घरात कोणी गिरणी बंद पडल्यावर रिक्षा घेतली किंवा बँकेतून निवृत्त होऊन शेती धरली, त्यांना हे पाहणे मुळातच जमते.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर फाळके यांच्याच एका कामाकडे बोट दाखवीन. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा चित्रपट त्यांनी 1917 च्या सुमारास काढला. त्याचा काही अंश आजही पाहायला मिळतो. स्वतःचा नवा पेशा, त्यातले श्रम आणि हातांच्या हालचाली त्यांनी स्वतःच पडद्यावर दाखवल्या आहेत. आधी तो पाहा, आणि मग आजचा कोणताही कार्यक्रम लावा.