बरहुकूम नक्कल

एका संगणकावर सिद्ध झालेला दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर, मग ते यंत्र कोणत्याही कंपनीचे असो आणि त्यात मूळचा फॉन्ट असो वा नसो, ओळीला ओळ लागून बरहुकूम दिसावा, ही आज साधी वाटणारी अपेक्षा १९९१ च्या सुमारास अ‍ॅडोबीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांनी ‘कॅमलॉट’ नामक टिपणात मांडली, तेव्हा ती मोठी आकांक्षा होती.

उत्तराचा अर्धा भाग त्यांच्याच दप्तरी होता. वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्सची नोकरी सोडून १९८२ साली ही कंपनी काढली व लवकरच मुद्रणयंत्रांसाठी पृष्ठवर्णनाची ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही भाषा निर्माण केली. परंतु ती सर्वांगपरिपूर्ण आज्ञाभाषा असल्यामुळे पन्नासावे पृष्ठ पाहू इच्छिणाऱ्यास आधीची एकोणपन्नास उलगडत बसण्याचा प्रसंग येई. छपाईत हे खपून जाई, पडद्यावर खपणे शक्य नव्हते. १९९३ मध्ये अवतरलेल्या पीडीएफने त्या भाषेतील केवळ रेखाटनाच्या आज्ञा राखल्या, फॉन्ट पोटात बाळगण्याची तजवीज केली आणि प्रत्येक घटकाचा ठावठिकाणा सांगणारी सूची जोडली. आजही एखादी पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडून तळाशी गेले, तर ही सूची कितव्या बाइटपाशी आहे, त्याचा आकडा बहुधा दृष्टीस पडतो. ‘रीडर’ फाइल वाचू लागतो तो शेवटाकडून.

आरंभी हा रीडरही विकत घ्यावा लागे. नुसते पाहण्यासाठी दाम मोजावयास कोण तयार होणार! तो फुकट वाटण्याची सुबुद्धी झाल्यावर, आणि अमेरिकेच्या करखात्याने आपले नमुने याच स्वरूपात उपलब्ध केल्यावर, प्रसाराला वेग आला. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानकही झाले.

मराठीवर पीडीएफचे ऋण विशेष आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, विशिष्ट कंपनीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मसुदा तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडे; पीडीएफने त्या खिचडीवर देखणा पडदा टाकला. पडदाच, कारण आतले संकेत तेच राहिले. अशा जुन्या पीडीएफमधील परिच्छेद उचलून अन्यत्र चिकटवावा, तर ती खिचडी पुन्हा पुढ्यात येते. आणि पृष्ठावर ढळढळीत दिसणारा ‘जमीन’ हा शब्द शोधू जावे, तर असा शब्द येथे नाही, असे उत्तर मिळते.