पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराची घडण

पेनिसिलिनची रेणुरचना क्ष-किरणांनी उलगडली. १९४५ साली ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांनी त्याच्या क्षारांचे स्फटिक तपासून चार अणूंचे ताणलेले बीटा-लॅक्टम कडे दाखवून दिले. पुढे १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन पुण्याच्या कारखानदारीत आले. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून होतीच.

बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन सगळ्या जंतूंवर चालत नाही. त्याची बाजूची साखळी तोडली की ६-एपीए हा गाभा उरतो आणि त्याला नवी साखळी जोडून अँपिसिलिनसारखी औषधे बनतात. गाभ्याला धक्का न लावता नेमकी तेवढीच साखळी तोडण्याचे नाजूक काम असायलेज हे विकर करते. पाषाणच्या प्रयोगशाळेत अर्चना पुंडले आणि एच. शिवरामन यांनी बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूतून पेनिसिलिन व्ही असायलेज शुद्ध केले. ते साखळी तोडते कसे, हे कळायला त्याची घडण दिसणे भाग होते.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी हजारो अँगस्ट्रॉम असते, तर कार्बनच्या दोन अणूंमधले अंतर जेमतेम दीड. तांब्याच्या नळीतून निघणारे क्ष-किरण १.५४ अँगस्ट्रॉमचे असल्याने ते या कामाला येतात. खरी कसोटी स्फटिक वाढवण्यात लागते. प्रथिनाच्या द्रावणाचा थेंब काचेला उलटा टांगून बंद खळग्यात ठेवतात. खालच्या संहत द्रावणाकडे त्यातले पाणी सावकाश ओढले जाते आणि सारे जुळून आले तर थेंबात स्फटिक धरतो. त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असते, म्हणून तो सुकला की वाया जातो. किरण त्यातून गेले की ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण तरंगांची कला (फेज) हरवते. ती मिळवण्याची एक रीत म्हणजे पारा किंवा प्लॅटिनमचे जड अणू स्फटिकात मुरवणे.

पाषाणचे सी. जी. सुरेश आणि यॉर्क विद्यापीठातील गाय व एलेनॉर डॉडसन यांच्यासह अनेकांनी पेनिसिलिन व्ही असायलेजची घडण १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. गाय डॉडसन हे हॉजकिन यांच्याच इन्सुलिन-गटातले; त्या गटात भारताचे एम. विजयन हेही होते. पेनिसिलिन जी असायलेजची घडण यॉर्कमध्ये आधीच, १९९५ साली, मिळाली होती. दोन्ही विकरांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात साम्य नव्हते. एकात प्रथिनाच्या साखळीच्या टोकाचे सेरीन काम करते, दुसऱ्यात सिस्टीन. तरीही घडी एकाच कुळातली निघाली. नुसत्या क्रमावरून हे नाते उमगणे अवघड होते, आणि या कामाचे मोल त्यातच आहे. २००६ मध्ये पुण्याच्याच गटाने आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियमचे, पित्तक्षार तोडणारे विकरही याच कुळातले असल्याचे दाखवले.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांसाठी स्वतंत्र किरणवाहिनी उभारली. तिथे तरंगलांबी हवी तशी निवडता येते. प्रथिनात गंधकाच्या जागी सेलेनियम घालून ०.९८ अँगस्ट्रॉमच्या आसपास मोजमाप घेतले, की हरवलेली कला त्याच एका स्फटिकातून काढता येते.